फळीवरची माती

नाचणारा वाकून पुढे येतो तेव्हा त्याच्या मानेमागे आडवी धरलेली फळी आधी दिसते, चेहरा मागाहून. फळी दोन्ही हातांनी खांद्यांवर पेललेली. तिच्यावर तांबड्या मातीचा सपाट पट्टा, मधोमध काळा डोंगर, कडेनं पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. त्याच्यामागे दुसरा येतो, त्याच्या फळीवर वेगळी जागा. आणखी एकाच्या फळीवर साप. बाजूला बसलेली म्हातारी माणसं गात असतात. ओळी थोड्याच, पुन्हा पुन्हा येणाऱ्या. गाण्यातली एक जागा मागे पडते आणि पुढची फळी वर येते.

या नाचाचं नाव गुरिर गुरिर. इंग्रजी पुस्तकांत ते 'क्रिल क्रिल' असंही छापलेलं सापडतं. ऑस्ट्रेलियातल्या पूर्व किम्बर्लीतल्या वॉर्मन नावाच्या वस्तीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुरू झाला. पहिल्या फळ्या म्हणजे प्लायवूड, हार्डबोर्ड, फॉर्मायका, बांधकामावरून उरलेले तुकडे, हाताला लागेल ते. त्यांवर जमिनीतून खणून आणलेली माती. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत याच फळ्यांतून निघालेली चित्रं व्हेनिसला पोचली.

ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या, निसर्गचित्रांची चर्चा निघाली की तीच जुनी वादावादी सुरू होते: हा नकाशा म्हणायचा की अमूर्त चित्र? मला त्यात फारसा रस उरलेला नाही. मला अडकवून ठेवलं ते फळीवरच्या मातीनं. ती चिकटते कशी, झडते कधी, आणि दुकानात ॲक्रिलिकच्या ट्यूबा सहज मिळत असताना या माणसांनी ती सोडली का नाही? वॉर्मनचं प्रकरण मी या एकाच बाजूनं उघडून बघतो आहे.

वस्ती

पश्चिम ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक म्हणजे किम्बर्ली. तिच्या पूर्व भागात कुनुनुरा हे गाव, आणि त्याच्या दक्षिणेला साधारण २०० किलोमीटरवर, ग्रेट नॉर्दर्न हायवेला लागून वॉर्मन. जुनं नाव टर्की क्रीक. त्याच नावाचा ओढा वस्तीला लागून वाहतो. या ओढ्याशी शेवटी पुन्हा गाठ पडणार आहे.

हा मुलूख गिजा लोकांचा. गोरे लोक गुरं घेऊन आले, मोठमोठी स्टेशनं थाटली. स्टेशन म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका सहज बसेल एवढा गुरांचा मळा. गिजा माणसं तिथं घोड्यावरून गुरं वळू लागली, कुंपणं घालू लागली, बायका मुदपाकखान्यात राबू लागल्या. मोबदला बहुतेक पीठ, चहा, साखर, तंबाखू, मांस या रूपात. डिसेंबर १९६८ पासून आदिवासी गुराख्यांना गोऱ्यांइतकाच पगार द्यायचा नियम लागू झाला. न्याय्यच होता. पण पगार द्यायचा म्हटल्यावर अनेक मालकांनी माणसंच नको केली. कुटुंबंच्या कुटुंबं स्टेशनांवरून उठली आणि टर्की क्रीकसारख्या जागी पालं टाकून राहिली. जिथं जन्म गेला ते डोंगर, ते पाणवठे आता दुसऱ्याच्या कुंपणाआड.

हे इथं सांगायचं कारण असं, की वॉर्मनच्या चित्रांतल्या बहुतेक जागा चित्रकाराच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. त्या आठवणीतल्या होत्या, आणि आठवण पायाची होती. घोड्याच्या पायाची म्हणा हवं तर.

याच वस्तीत १९७५ च्या सुमारास रोव्हर थॉमस राहायला आले. नात्याच्या गटाप्रमाणे त्यांचं नाव जूलामा. जन्म १९२६ च्या आसपासचा, कॅनिंग स्टॉक रूट या गुरं हाकायच्या जुन्या वाटेवर, ३३ नंबरच्या विहिरीपाशी. म्हणजे माणूस वाळवंटातला, गिजा नव्हे. आई गेल्यावर पोरवयात ते स्टेशनवर आले आणि अर्धं आयुष्य गुरांमागे गेलं. टेक्सस डाउन्स स्टेशनवर असताना घोड्यानं त्यांच्या डोक्याची कातडी फाडली. तिथं स्वयंपाकाला असलेल्या क्वीनी मॅकेन्झी यांनी साध्या सुई-दोऱ्यानं ती शिवली आणि माणूस वाचला. पुढे याच क्वीनीबाई पूर्व किम्बर्लीतल्या मोठ्या चित्रकार झाल्या. दोघांच्या चित्रांवर शेकडो पानं लिहिली गेलीत, पण मला त्या दोघांची आठवण येते ती या टाक्यांमुळे.

गाणं

१९७४ च्या पावसाळ्यात टर्की क्रीकजवळ मोटारीचा अपघात झाला. त्यात एक बाई जबर जखमी झाल्या. फ्लाइंग डॉक्टर या दूरच्या वस्त्यांसाठीच्या वैद्यकीय सेवेच्या विमानातून त्यांना पर्थला नेत होते. विमान किम्बर्लीच्या किनाऱ्यावरच्या डर्बी गावाजवळच्या समुद्रावर असताना त्यांनी प्राण सोडला. खाली समुद्रात मोठा भोवरा आहे, आणि तो तिकडच्या पुराणकथांतल्या इंद्रधनुषी सापाचा ठिकाणा मानला जातो. बाईंचं नाव इथं लिहीत नाही. गेलेल्याचं नाव सहसा घ्यायचं नाही अशी तिकडची रीत आहे. त्या रोव्हर थॉमस यांच्या आई लागायच्या. जन्मदात्या नव्हेत, नात्यानं. आपल्याकडे 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात. तिकडची नात्याची बांधणी याहून घट्ट आहे: आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका आईच.

त्यानंतर, २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे, ट्रेसी चक्रीवादळानं डार्विन शहर झोपवलं. ६६ माणसं गेली, शहरातली ७० टक्क्यांहून जास्त बांधकामं पडली. किम्बर्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या लेखी डार्विन हे गार्दियांचं, म्हणजे गोऱ्यांचं ठाणं. वादळ त्या सापानंच घातलं, आणि ते आपल्यासाठी आहे असं त्यांनी ओळखलं: रीतिभाती सोडत चाललात, सावध व्हा.

गेलेल्या बाई रोव्हर थॉमस यांच्या स्वप्नात येऊ लागल्या. भोवऱ्यापासून निघून आपल्या मुलखाकडे परतताना कुठं कुठं थांबलो, काय पाहिलं, ते त्या सांगू लागल्या. एकेक डोंगर, एकेक गुहा, पूर्वी माणसं मारली गेली त्या जागा. शेवटी कुनुनुरापाशी येऊन दूरवर डार्विन उद्ध्वस्त झालेलं दिसतं. ही वाट म्हणजेच गुरिर गुरिरची गाणी. एकेका थांब्याला एकेक कडवं, आणि नाचात त्या त्या थांब्याला एकेक फळी.

इथं एक बारकावा आहे आणि तो सहसा निसटतो. गाणं रोव्हर थॉमस यांना मिळालं, पण सुरुवातीच्या फळ्या त्यांनी रंगवल्या नाहीत. त्या रंगवल्या पॅडी जामिंजी यांनी. ते वडीलधाऱ्या पिढीतले, आणि गिजा. स्वप्न कुणालाही पडू शकतं. पण ज्या जमिनीचं चित्र काढायचं तिच्याशी नातं सांगणारा माणूस लागतो. थॉमस काही वर्षं गाण्याचे धनी होते, हातात फळी जामिंजींची. ते स्वतः रंगवू लागले १९८० नंतर. एका कलावंताला साक्षात्कार झाला आणि त्यानं चित्र काढलं, अशी सरळ गोष्ट सांगायला सोपी जाते म्हणून हा मधला काळ बहुतेक माहितीपत्रकांतून गळून पडलेला असतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

काव, पिवडी, शाडू, कोळसा

रंगांबद्दल बोलायला आपले घरचे शब्द पुरतात. तांबडा म्हणजे काव, गेरू. पिवळा म्हणजे पिवडी. पांढरा शाडूच्या जातीचा मऊ मातीगोळा. काळा लाकडाचा कोळसा. रसायनाच्या भाषेत काव म्हणजे हेमटाइट, लोखंडाचा ऑक्साइड. पिवडी म्हणजे गोएथाइट, तेच लोखंड पण पाणी धरून बसलेलं. पिवडी निखाऱ्यात भाजली की पाणी उडतं आणि ती तांबडी होते. ही युक्ती जगभरच्या माणसांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे.

वॉर्मनचे चित्रकार ही माती ओढ्यांच्या काठांवरून, टेकड्यांच्या उतारांवरून गोळा करतात, दगडावर दगडानं वाटतात, पाण्यात कालवतात. आता प्रश्न येतो चिकटवायचा. माती आणि पाणी यांत चिकटपणा नाही. अंगावर लावायची असेल तर बिघडत नाही, नाच संपला की झडली तरी चालते. नाचणाऱ्यांच्या अंगावर हीच माती असते, पायाखाली हीच असते. पण फळी पुढच्या नाचाला पुन्हा लागणार. म्हणून तिच्यावरच्या मातीत काहीतरी घालावंच लागतं. आधी झाडांचा डिंक, राळ; पुढे सुतारकामाचा पांढरा गोंद, म्हणजे आपल्या फेव्हिकॉलच्या कुळातला; त्याहून पुढे ॲक्रिलिकचा रंगहीन बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट द्रव.

वाचून हे नीट कळेना म्हणून मी घरी करून पाहिलं. रंगाच्या दुकानातून पाव किलो काव आणली, बाभळीचा डिंक रात्रभर भिजवला, प्लायच्या चार तुकड्यांवर वेगवेगळ्या प्रमाणात लावलं. पहिल्यात डिंक नावालाच: सुकल्यावर रंग अप्रतिम, विटेच्या भुकटीसारखा कोरडा, खोल, चकाकी अजिबात नाही. पण बोट फिरवलं की बोट लाल. दुसऱ्यात डिंक जास्त: बोटाला काही लागत नाही, पण रंग काळपट झाला, वर तेलकट झाक आली, आणि आठवड्याभरात उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. तिसरा मधल्या प्रमाणाचा. तो जमला, पण जमायला चार खेपा लागल्या. चौथ्यात फेव्हिकॉल पातळ करून घातला. तो सगळ्यांत पक्का बसला आणि सगळ्यांत कमी देखणा दिसला.

सगळा तिढा या चार तुकड्यांत आहे. माती जितकी मोकळी ठेवाल तितकी ती मातीसारखी दिसते आणि तितकी लवकर झडते. पकडून ठेवाल तर टिकते, पण मग ती दुकानातला रंग दिसायला लागते. रोव्हर थॉमस यांच्या कॅनव्हासांचं मोठेपण मी जवळजवळ या एका मोजमापावर सांगेन: ते मातीला जेमतेम धरून ठेवतात. मोठमोठे सपाट भाग, त्यांत माती कुठं दाट, कुठं विरळ, कण दिसताहेत, आणि कडेनं पांढऱ्या ठिपक्यांची शिवण. डोंगर समोरून पाहिल्यासारखा उभा, तर त्याच चित्रातली वाट आणि नदी वरून पाहिल्यासारखी आडवी. गुरं वळणारा माणूस मुलूख असाच आठवतो, अर्धा खोगिरावरून आणि अर्धा मनातल्या वाटेनं.

ॲक्रिलिक का घेतलं नाही? मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्याला १९७१ मध्ये वाळवंटातली चित्रकला फळ्यांवर आणि मग कॅनव्हासवर उतरली, तिथं ॲक्रिलिक रुजलं आणि त्यातून थोर कामं झाली. वॉर्मनला ते माहीत होतं. तरी इथली रीत मातीचीच राहिली. उत्तर मला त्या नाचात दिसतं. अंगाला, फळीला आणि जमिनीला एकच वस्तू लावलेली असेल तर फळी हे त्या जागेचं चित्र राहत नाही, त्या जागेचा तुकडा होतो. प्रत्येक चित्रातली माती नेमकी त्याच डोंगराची असते असं कुणी म्हणत नाही. पण ती या मुलखाची असते, ती कुठून आणायची आणि कुणी आणायची याला नातं लागतं. बेदखल झालेल्या माणसांसाठी हा एक तऱ्हेचा सातबारा होता, तलाठ्याच्या सहीवाचूनचा.

आपल्याकडे वारली देवचौकाचं याच दशकात काहीसं असंच झालं, ते इथं आठवल्याशिवाय राहत नाही. लग्नघरातल्या शेण-मातीच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठानं काढायचं चित्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे कागदावर आलं, आणि जिव्या सोमा मशे यांनी ते जगापुढे नेलं. कागदावरही शेण आणि गेरू सुटला नाही. मात्र देवचौक बायकांचा होता आणि कागदावर नाव झालं ते आधी पुरुषाचं. तुलना इथंच थांबवतो.

विक्री, व्हेनिस वगैरे

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून झटपट. पर्थच्या मेरी माचा या आदिवासी कलेच्या जाणकार विक्रेतीनं फळ्या पाहिल्या, विकत घेतल्या, रंगवायला चांगला पृष्ठभाग पुरवला. खांद्यावर पेलायचं बंधन सुटल्यावर आकार वाढले. १९९० मध्ये व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दालनात रोव्हर थॉमस आणि ट्रेव्हर निकल्स यांची चित्रं लागली. तिथं ऑस्ट्रेलियाचं प्रतिनिधित्व करणारे ते पहिले आदिवासी चित्रकार. १९९४ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनानं थॉमस यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच दालनात मार्क रॉथको या अमेरिकी अमूर्त चित्रकाराचं चित्र पाहून "माझ्यासारखं रंगवणारा हा कोण पठ्ठ्या?" असं त्यांनी विचारल्याचा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. लोक त्यावर हसतात. मला त्यातली दिशा आवडते. आपण रॉथकोसारखे असं त्यांनी म्हटलं नाही.

त्यांचं 'सायक्लोन ट्रेसी' हे १९९१ चं चित्र कॅनबेराला आहे. रुंदी १८० सेंटिमीटर, उंची १६८. मधे एक काळा आकार फुगत जातो, ते वादळ. बाजूंनी पिवळट, तपकिरी पट्टे त्याला येऊन मिळतात: धूळ वाहून आणणारे छोटे वारे. बाकी काही नाही. ना घर, ना झाड, ना डार्विन. पाहणारा आधी त्या काळ्याच्या सपाटपणात अडकतो, मग लक्षात येतं की तो सपाट नाही, रंगाचे थर वरखाली झालेत. धूळ दाखवायला धूळच वापरली आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला.

त्याच वर्षीचं, वरून कोसळत येणाऱ्या मोठ्या पावसाचं एक चित्र त्याच दालनानं २००१ मध्ये लिलावात ७,७८,७५० ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं. आदिवासी चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. थॉमस एप्रिल १९९८ मध्येच गेले होते. पुनर्विक्रीतले ५ टक्के चित्रकाराला किंवा वारसांना द्यायचा कायदा ऑस्ट्रेलियात लागू झाला तो २०१० मध्ये. लिलावाच्या यादीत चित्राखाली माध्यम म्हणून 'नैसर्गिक मातीचे रंग आणि बाइंडर' एवढंच लिहिलेलं असतं. मी वर जो तिढा दोन पानं सांगितला तो सगळा त्या 'आणि' मध्ये दडलेला.

ही चित्रं नुसत्या डोंगर-पाण्याची नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. बाईंच्या वाटेवर कत्तलीच्या जागा आहेत. बेडफर्ड डाउन्स स्टेशनवर गिजा माणसांना लाकडं तोडायला लावली, विष घातलेलं जेवण दिलं आणि त्याच लाकडांवर जाळलं, असं तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आली. थॉमस यांनी त्या जागेची चित्रं काढली. क्वीनी मॅकेन्झी यांनी मिस्टेक क्रीकच्या १९१५ च्या कत्तलीचं चित्र काढलं. राष्ट्रीय संग्रहालयानं ते विकत घेतलं तेव्हा, तोंडी सांगितलेल्याला इतिहास म्हणायचं का, यावर मोठा वाद झाला आणि ते वर्षानुवर्षं भिंतीवर लागलं नाही. ही चित्रं समोर आली तर आधी रक्तपात शोधू नका; सापडणार नाही. शांत डोंगर दिसतील, ओढा दिसेल, ठिपक्यांची ओळ दिसेल. जागा दाखवली की झालं, ज्याला माहीत आहे त्याला कळतं.

पूर

वॉर्मनचं स्वतःचं कला केंद्र १९९८ मध्ये उभं राहिलं, वस्तीच्याच मालकीचं. तिथं विकायच्या चित्रांबरोबर एक वेगळा संग्रह होता, आणि माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा तो आहे. १९७९ मध्ये जोसेफाइट नन्सनी वस्तीत शाळा सुरू केली. वडीलधाऱ्यांचा आग्रह होता की पोरांना दोन्ही शिकवा, गोऱ्यांचं आणि आपलं. मग पोरांना शिकवण्यासाठी म्हणून त्यांनी फळ्या रंगवल्या, लाकडं कोरली. बाजाराचा तिथं काही संबंध नव्हता. नंतर नावारूपाला आलेल्या चित्रकारांच्या फळ्या त्यात आहेत, पण त्या विक्रीला नाहीत. खडू-फळ्याच्या जागी आलेल्या फळ्या, असं म्हणता येईल.

१३ मार्च २०११ ला, मोसमाच्या अखेरच्या जोरदार पावसानंतर टर्की क्रीक फुगला आणि काही तासांत वस्तीत शिरला. घरं गेली, गाड्या वाहिल्या. तीनशेच्या आसपास माणसं, त्यांना कुनुनुराला हलवावं लागलं आणि पुढचे कित्येक महिने तिथंच काढावे लागले. कला केंद्रात पाणी भरलं. चित्रं ओढ्याबरोबर वाहत गेली. काही चिखलात सापडली, काही झाडांना अडकलेली.

हे वाचल्यावर मी माझे प्लायचे तुकडे काढले आणि बादलीत टाकले. बाभळीच्या डिंकाचे तिन्ही मिनिटा-दोन मिनिटांत सुटले, बादलीचं पाणी लाल झालं, प्लाय कोरी. फेव्हिकॉलचा तुकडा सकाळपर्यंत रंग धरून होता. पण त्याची प्लायच फुगून पदरापदरानं सुटली होती. एकात माती गेली, दुसऱ्यात फळी.

वॉर्मनच्या संग्रहातल्या शेकडो वस्तू मेलबर्नला विद्यापीठाच्या संवर्धन केंद्रात नेल्या. हवाई अंतर २,८०० किलोमीटरच्या आसपास. उष्ण, दमट हवेत ओल्या लाकडाला बुरशी लागायला दोन दिवस पुरतात, तेव्हा पहिली लढाई बुरशीशी. दुसरी अडचण मात्र मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

तैलचित्रावर चिखल बसला तर चिखल वेगळा आणि रंग वेगळा. कापसाच्या बोळ्यानं, योग्य द्रव घेऊन, धीरानं वरचा थर काढता येतो. इथं वर बसलेला चिखल म्हणजे लोहाची तांबडी माती आणि खालचा रंग म्हणजेही लोहाची तांबडी माती. मुलूख एकच. जे पाणी चिखल सोडवेल ते रंगही सोडवेल. नुसत्या डोळ्यांनी सीमारेषा दिसत नाही. भिंगाखाली कणांचा आकार, वाटलेल्या मातीचा बारीकपणा, डिंकाची पकड अशा खुणांवरून ठरवायचं की पुरानं आणलं किती आणि चित्रकारानं लावलं किती. शिवाय झडणारा रंग बसवायला वरून काही चिकट द्यावं तर तो काळपट आणि चकचकीत होण्याची भीती, माझ्या दुसऱ्या तुकड्यासारखी. म्हणून असल्या कोरड्या, भुकटीसारख्या रंगांवर संवर्धक समुद्री शेवाळाचा किंवा माशाच्या फुग्याचा अतिपातळ सरस थेंबाथेंबानं देतात, आणि थांबून बघतात.

आणि किती साफ करायचं, हे भिंग सांगत नाही. नाचात वापरलेल्या फळीवर घामाचे, हाताच्या पकडीचे डाग असतात. ते पुसायचे का? एखादी रेषा पुरात फिकी झाली तर ती पुन्हा गडद करायचा हक्क कुणाला? ज्या माणसाला त्या जागेचं चित्र काढायचा अधिकार आहे त्यालाच. पांढऱ्या कोटातल्या पदवीधराला तो नाही. म्हणून हे काम एकट्या प्रयोगशाळेचं राहू शकत नव्हतं. वॉर्मनची माणसं त्यात लागणारच होती आणि ती आली. पॅडी जामिंजी फळी रंगवत होते आणि गाण्याचे धनी बाजूला बसले होते, त्या वेळचा हिशेब तीस वर्षांनी मेलबर्नच्या टेबलावर पुन्हा मांडला गेला.

मी संवर्धक नाही, चित्रांचा हौशी वाचक आहे. पण या ठिकाणी मला एक गोष्ट खटकत राहते. पुराच्या बातम्यांमध्ये नुकसानीचा आकडा आला तो विक्रीच्या चित्रांच्या किमतीवरून. शाळेसाठी रंगवलेल्या फळ्यांना किंमतच नव्हती, म्हणून त्या आकड्यात त्या कुठं धरायच्या हे कुणाला सुचत नव्हतं. आणि वस्तीचा जीव होता तो त्यांच्यात.

२०१३ मध्ये संग्रह वॉर्मनला परतला. कला केंद्र तोवर पुन्हा चालू झालं होतं. पोरं आणि म्हातारी माणसं पावसाळा ओसरल्यावर गाडी काढून माती आणायला जातात. पांढरी एका जागेची, पिवळी दुसऱ्या जागेची. पिशव्या भरून आणतात, गोटे फोडतात, दगडावर वाटत बसतात, आणि वाटता वाटता ती जागा कुणाची ते पोरांना सांगतात.